एकेरी तिकिटावर परदेशी जाताना : मुंबईच्या काउंटरवर अडवलं तेव्हा

कृष्णाकाठ | ६ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गेल्या नोव्हेंबरात मी आणि धाकटा भाऊ थायलंड, लाओस, व्हिएतनाम असे तीन आठवडे फिरून आलो. प्रवासवर्णन सवडीने लिहीन. हा धागा त्याआधीच्या, मुंबई विमानतळावरच्या अर्ध्या तासाबद्दल आहे. अजून आठवलं की पोटात गोळा येतो, आणि दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

आमचा बेत असा होता : मुंबई ते बँकॉक विमान, तिथे चार दिवस. मग रात्रीच्या रेल्वेने लाओसची राजधानी व्हिएनतियान. पुढे नव्या रेल्वेने लुआंग प्रबांग, तिथून विमानाने हनोई, आणि हनोईहून मुंबई. जाण्याचं आणि येण्याचं अशी दोन वेगवेगळी तिकिटं काढली होती. दोन्ही कन्फर्म, छापून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. व्हिएतनामचा ई-व्हिसा झालेला, हॉटेलची बुकिंगं झालेली, थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड (देशात उतरण्याआधी ऑनलाइन भरायचा फॉर्म) दोन दिवस आधी भरलेलं.

काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितले आणि विचारलं, "रिटर्न तिकीट?" मी हनोईचं दिलं. तिने तारखेवर बोट ठेवलं. "हे हनोईहून आहे मॅडम. थायलंडमधून बाहेर कशा जाणार?" मी म्हटलं, रेल्वेने. "तिकीट दाखवा." ते आम्ही बँकॉकला पोचल्यावर काढणार होतो. तिने सुपरवायझरना बोलावलं. त्यांनी स्क्रीन वाचला आणि शांतपणे सांगितलं, "थायलंडमधून बाहेर पडण्याचं कन्फर्म तिकीट असल्याशिवाय बोर्डिंग पास देता येणार नाही."

काउंटर बंद व्हायला पस्तीस मिनिटं होती. भावाने मोबाइलवर डॉन म्युआंग (बँकॉकचाच दुसरा विमानतळ) ते क्वालालंपूर दोन सीट शोधल्या. पहिल्यांदा ओटीपी आलाच नाही. दुसऱ्यांदा आला तोवर पेमेंटचं पान बंद पडलं. तिसऱ्यांदा माझ्या कार्डावरून झालं. दोघांचे मिळून साडेदहा हजार गेले, तिकीट नॉन-रिफंडेबल. ई-मेल येईपर्यंत ती मुलगी आमच्याकडे बघत थांबली होती, मागच्या माणसांना शेजारच्या काउंटरवर पाठवत. तिने पीएनआर टाकून बघितला आणि मगच बोर्डिंग पास छापले.

बँकॉकला अधिकाऱ्याने काहीही विचारलं नाही. साठ दिवसांचा शिक्का मारला आणि पासपोर्ट परत दिला.

म्हणून माझे प्रश्न : हा नियम नक्की कुणाचा? थायलंडने विचारलं नाही, मग मुंबईत का अडवतात? आणि मार्चमध्ये आईला घेऊन बालीला जायचंय, परतीची तारीख तिच्या तब्येतीवर ठरवायची आहे. एकेरी तिकीट काढू का?

---

काउंटरपलीकडे | ६ जानेवारी, रात्री ११.०५

ताई, तुमच्यावर जी वेळ आली ती मी पलीकडच्या बाजूने नऊ वर्षं बघितली आहे. चेक-इनला होते, आता नोकरी सोडली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नियम थायलंडचाच आहे. व्हिसाशिवाय येणाऱ्याने परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट आणि पुरेसे पैसे (माणशी २०,००० बाट) दाखवता आले पाहिजेत. तिथला अधिकारी ते रोज प्रत्येकाला विचारत नाही. पण विचारलं आणि तुमच्याकडे नसलं, तर तो तुम्हाला आत घेत नाही. आणि मग तुम्हाला परत आणायचं कुणी? ज्या विमान कंपनीने नेलं तिने. १९४४ च्या शिकागो कराराचं नववं परिशिष्ट आहे, त्यात ही जबाबदारी विमान कंपनीवर टाकली आहे. वर कित्येक देश दंडही करतात. ब्रिटनने १९९९ च्या कायद्याने अपुऱ्या कागदांच्या प्रवाशामागे २,००० पौंडांचा दंड ठेवला.

त्यामुळे नियम देशाचा असला तरी तो पाळून घेण्याचं काम काउंटरवर येऊन पडतं. आमच्यासमोर टिमॅटिक नावाची माहितीप्रणाली असते, विमान कंपन्यांच्या आयाटा या संघटनेची. त्यात आम्ही तीन-चार गोष्टी भरायच्या : पासपोर्ट कुठला, राहता कुठे, जाताय कुठे, किती दिवस. मग जो मजकूर येईल तो आमच्यासाठी कायदा. त्यात परतीचं किंवा पुढचं तिकीट हवं असं लिहिलं असेल, तर समोरचा माणूस कितीही खरा असला तरी आम्ही आमच्या जबाबदारीवर सोडू शकत नाही. परत पाठवलेल्या प्रवाशाचा अहवाल ज्या मुलीने बोर्डिंग पास दिला तिच्या नावाने येतो.

एक सांगते, मनावर घ्या. तो मजकूर तुम्हालाही घरबसल्या वाचता येतो. बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर "व्हिसा आणि पासपोर्ट माहिती" असं पान असतं, ते टिमॅटिकवरूनच चालतं. मित्राचा अनुभव, यूट्यूब, अगदी दूतावासाची जुनी पानं, सगळं नंतर. काउंटरवर जे वाचलं जाणार आहे ते आधी तुम्ही वाचा, आणि त्याची प्रत जवळ ठेवा.

हनोईच्या तिकिटाबद्दल : तिसऱ्या देशातून परतीचं तिकीट काही ठिकाणी चालवून घेतात, काही ठिकाणी नाही. तिथे समोरच्याच्या निर्णयावर येतं. तुमच्या सुपरवायझरनी कडक अर्थ लावला, पण चुकीचा लावला असं मी म्हणणार नाही. त्या तिकिटावरून तुम्ही थायलंड सोडाल हे कुठेच दिसत नव्हतं.

---

रात्रपाळी | ७ जानेवारी, पहाटे १.२०

अतिशय उपयुक्त धागा. वाचनखूण साठवली.

यावर सोपा उपाय मला माहीत आहे तो असा की ऑनलाइन भाड्याने तिकीट मिळतं. दहा-पंधरा डॉलरमध्ये खरा पीएनआर देतात, ४८ तास टिकतो. माझ्या दोन मित्रांनी वापरलंय. साडेदहा हजार घालवण्यापेक्षा बरं नाही का?

---

काउंटरपलीकडे | ७ जानेवारी, सकाळी ८.१५

रात्रपाळी, कृपा करून हे कुणाला सुचवू नका. दोन गोष्टींची गल्लत होते आहे.

आरक्षण वेगळं आणि तिकीट वेगळं. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्ज करताना परतीचं *आरक्षण* चालतं, त्यांच्या नियमातच तसं आहे, कारण व्हिसा नाकारला तर तुमचे पैसे बुडू नयेत. म्हणून अर्जासाठी एजंट होल्डवरचं, म्हणजे पैसे न भरता तात्पुरतं धरून ठेवलेलं, आरक्षण देतात, ते गैर नाही. पण विमानात बसताना *तिकीट* लागतं. पैसे भरून निघालेल्या ई-तिकिटाला १३ आकडी नंबर असतो, पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. आम्ही पीएनआर उघडल्यावर तिथे तिकीट नंबर आहे का हेच आधी बघतो. होल्डवरच्या आरक्षणाला तो नसतो. स्वस्त विमान कंपन्यांची पद्धत वेगळी असते, तिथे पैसे भरल्याची खूण बघतो. आणि भाड्याच्या तिकिटाचा पीएनआर तुम्ही रांगेत असतानाच रद्द झालेला मी डोळ्यांनी बघितलाय. जोडपं होतं, लग्नाला आठवडाही झाला नव्हता. मुलीच्या हातावरची मेंदी अजून लाल होती. त्यांना त्या दिवशी जाता आलं नाही.

जुन्या पीडीएफवर तारीख बदलून आणणारेही भेटले. तो खोटा दस्तऐवज होतो. पोलिसांपर्यंत गेलं की पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ते तुमच्याबरोबर येतं.

---

सिंगापुरी_पोहे | ७ जानेवारी, सकाळी १०.३०

वरच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन.

इथून आम्ही सुट्टीला आसपासच्या देशांत सारखे जातो. माझ्या अनुभवात पुढच्या तिकिटाबाबत सगळ्यात काटेकोर फिलिपीन्स. ८ जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टला तिथे व्हिसाशिवाय १४ दिवस मिळतात. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा ब्रिटनचा वैध व्हिसा किंवा तिथलं वास्तव्य असेल तर ३० दिवस. हे १४ दिवस वाढवून मिळत नाहीत. त्यामुळे काउंटरवर परतीच्या तिकिटाची तारीख मोजतात. माझ्या पुण्याच्या मावसभावाने तिकीट सोळाव्या दिवसाचं काढलं होतं, स्वस्त मिळालं म्हणून. तारीख बदलायला मूळ तिकिटाइतकेच पैसे गेले.

म्हणून नुसतं तिकीट असून भागत नाही, ते *मिळणाऱ्या मुदतीच्या आतलं* हवं.

कृष्णाकाठ ताई, तुम्ही घाईत क्वालालंपूर निवडलंत ते मात्र नेमकं बरोबर पडलं. मलेशियाने भारतीयांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ३० दिवस व्हिसामाफी दिलेली आहे. समजा तुम्ही बँकॉक ते सिंगापूर काढलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, "सिंगापूरचा व्हिसा कुठंय?" पुढचं तिकीट अशाच देशाचं काढावं जिथे तुम्हाला खरोखर प्रवेश आहे.

---

कृष्णाकाठ | ७ जानेवारी, दुपारी १.१०

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! भावाने फक्त सगळ्यात स्वस्त काय ते बघितलं होतं.

काउंटरपलीकडे ताई, तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचून दाखवला. त्या मुलीवर मी त्या दिवशी आवाज चढवला होता. आता वाईट वाटतंय. ती आमच्यासाठी थांबली होती.

रेल्वेचं तिकीट दाखवलं असतं तर चाललं असतं का?

---

काउंटरपलीकडे | ७ जानेवारी, दुपारी ३.४५

बँकॉक ते व्हिएनतियान थेट गाडीचं, नाव आणि तारीख असलेलं तिकीट असतं तर मी स्वतः मान्य केलं असतं. ती गाडी २०२४ च्या जुलैपासून थेट सीमेपलीकडे जाते. त्याआधी नोंग खायपर्यंतचंच तिकीट मिळायचं आणि नोंग खाय थायलंडमध्येच आहे, ते दाखवून उपयोग नसे. पण सगळे कर्मचारी मान्य करतील याची खात्री नाही. विमानाचा पीएनआर आम्हाला स्क्रीनवर तपासता येतो, रेल्वेचं किंवा बसचं तिकीट म्हणजे नुसता कागद.

आणि रस्त्याने जाणाऱ्यांनी सीमा उघडी आहे ना हे बघावं. थायलंड-कंबोडिया सीमा गेल्या जूनमध्ये पर्यटकांना बंद झाली. अरण्यप्रथेत-पॉइपेटमार्गे अंगकोरला जायचे जुने ब्लॉग वाचून कुणी बेत आखू नका.

---

पणजीकार | ७ जानेवारी, सायंकाळी ६.२०

गोव्यातल्या घरांसाठी एक मुद्दा. आमच्याकडे पुष्कळ कुटुंबांत एकाचा पासपोर्ट पोर्तुगीज आणि बाकीच्यांचे भारतीय असतात. नियम *पासपोर्टप्रमाणे* लागतात, कुटुंबाप्रमाणे नाही. माझ्या भावाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्याला फिलिपीन्समध्ये ३० दिवस मिळतात. वहिनी आणि मुलांकडे भारतीय, त्यांना १४. तिकिटं सगळ्यांची एकाच दिवसाची, विसाव्या दिवसाची. दाबोळीला आमच्या लक्षातही आलं नाही, पुढच्या विमानतळावर आलं. शेवटी सहा दिवस कमी करून आले.

परत येतानाही तेच. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला भारतात यायला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) किंवा व्हिसा लागतो. कार्ड घरी कपाटात ठेवून गेलात तर परदेशातल्या काउंटरवर तुम्हाला स्वतःच्या घरी येणाऱ्या विमानातही बसवत नाहीत. भाऊ आता ते पासपोर्टच्या कव्हरातच ठेवतो.

---

माणदेशी | ७ जानेवारी, रात्री ८.५०

सगळ्यांना नमस्कार. मी कधी लिहीत नाही, वाचतोच. पण आई-बाबांना २३ तारखेला मलेशियाला पाठवायचंय, बहीण तिथे असते. दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार. आई सातवी, बाबा नववी शिकलेले. दोघांच्या पासपोर्टवर ईसीआर असं छापलंय. गावातला एजंट म्हणतो ईसीआर असेल तर सोडतच नाहीत, पाच हजार द्या, मी बघतो. खरं आहे का? परतीचं तिकीट अजून काढलं नाही, बहीण म्हणते राहू दे दोन महिने.

---

काउंटरपलीकडे | ७ जानेवारी, रात्री ९.३०

दादा, एजंटला एक रुपया देऊ नका.

ईसीआर म्हणजे नोकरीसाठी जाताना परवानगी लागते असा पासपोर्ट. दहावी न झालेल्यांना तो मिळतो. १८ देशांसाठी ही परवानगी लागते. आखाती देश त्यात आहेतच, पण मलेशिया, थायलंड, इंडोनेशियाही आहेत. हा कायदा मजुरांची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. मुलीला भेटायला जाणाऱ्या आई-बापांना तशी परवानगी लागत नाही. पण पर्यटक म्हणून जाऊन तिथे कामाला लावलं जातं, असे प्रकार घडतात. थायलंडमार्गे म्यानमारला नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या आपल्या मुलांना सरकारने गेल्या वर्षी विमानं पाठवून परत आणलं. त्यामुळे मुंबईतले इमिग्रेशन अधिकारी ईसीआर पासपोर्ट दिसला की चौकशी करतात, आणि परतीचं तिकीट हा त्यातला सगळ्यात मोठा पुरावा.

तेव्हा परतीचं तिकीट काढाच. आणि दोन महिन्यांचं नाही, व्हिसामाफी ३० दिवसांचीच आहे! सव्वीस-सत्तावीसाव्या दिवसाचं धरा. बहिणीचं पत्र, तिच्या पासपोर्टची आणि तिथल्या परवान्याची झेरॉक्स, तिचा पत्ता आणि फोन एका कागदावर मराठी आणि इंग्रजीत. कागद बाबांच्या खिशात आणि आईच्या पिशवीत, दोन प्रती.

दोघांचं वय पन्नासच्या वर असेल तर सवडीने पासपोर्ट बदलून घ्या, ईसीआर निघून जाईल. त्यासाठी दहावीची गरज नाही.

---

सिंगापुरी_पोहे | ७ जानेवारी, रात्री १०.१५

माणदेशी दादा, मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्डही भरायचं आहे, पोचण्याआधी तीन दिवसांत. फुकट असतं, थायलंडचंही. पैसे मागणाऱ्या साइट हुबेहूब सरकारी दिसतात, म्हणून पत्त्यात सरकारी 'गव्ह' किंवा 'गो' आहे का ते वाचा.

नाव भरताना आपल्या लोकांची एक चूक नेहमी होते. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तसंच्या तसं भरा. वडिलांचं नाव गाळलं की तिकीट, कार्ड आणि पासपोर्ट तीन वेगळ्या माणसांचे दिसायला लागतात.

---

रात्रपाळी | ८ जानेवारी, सकाळी ७.०५

माझी सूचना मागे घेतो. मित्रांनाही हा धागा पाठवला. त्यातला एक पुढच्या महिन्यात निघणार होता, त्याने आज रद्द करता येणारं खरं तिकीट काढलं. हजारभर जास्त गेले, पण रद्द केलं तर बाकीचे परत मिळतील.

---

काउंटरपलीकडे | ८ जानेवारी, सकाळी ९.००

फार बरं वाटलं हे वाचून. रद्द करताना अट वाचा म्हणावं, परतावा रोख मिळतो की त्या कंपनीच्या क्रेडिटमध्ये. आणि देशात प्रवेश होऊन शिक्का बसल्याशिवाय रद्द करू नये.

कृष्णाकाठ ताई, बालीचं राहिलं. एकेरी काढू नका. इंडोनेशियाला भारतीयांना व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, ५,००,००० रुपिया, ३० दिवस, एकदाच आणखी ३० दिवस वाढवता येतो. घरून ई-व्हिसा काढलात तर आईला रांगेत उभं राहावं लागणार नाही. पासपोर्ट सहा महिने वैध आणि परतीचं तिकीट, दोन्ही बघतात. उतरलेला दिवस पहिला दिवस धरतात, म्हणजे १ मार्चला उतरलात तर ३० मार्चला बाहेर. पुढच्या प्रत्येक दिवसाला माणशी १०,००,००० रुपिया दंड आहे. बालीचा पर्यटक कर वेगळा, १,५०,००० रुपिया, तोही आधी ऑनलाइन भरता येतो.

परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं घ्या. आईच्या तब्येतीचा प्रश्न असेल तर तारीख अलीकडे आणणं महत्त्वाचं, म्हणून फरकाची रक्कम किती आकारतात ते घेतानाच बघून ठेवा.

---

कृष्णाकाठ | ८ जानेवारी, रात्री ९.२५

काढलं. ३ मार्चला जाणं, २१ मार्चला येणं, बदलता येणारं. आईला सांगितलं तर म्हणाली, आधीच येण्याचं ठरलं ते बरं झालं, तुळशीला पाणी घालायला शेजारच्या काकूंना नक्की दिवस सांगता येतील.

---

माणदेशी | २४ जानेवारी, दुपारी ४.३०

आई-बाबा काल रात्री पोचले. काउंटरवर परतीचं तिकीट मागितलं, आईने पिशवीतला कागद काढून दिला. इमिग्रेशनला पासपोर्ट बाजूला ठेवून घेतला आणि बाबांना विचारलं, काय काम करता. बाबा म्हणाले, शेती, डाळिंब आहे. कोण आहे तिकडे? मुलगी. परत कधी? बाबांना तारीख पाठ होती, १८ फेब्रुवारी. साहेबांनी कागद वाचला, बहिणीला फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि शिक्का मारला.

बाबांचं अरायव्हल कार्ड भरताना आजोबांचं नाव मी आधी गाळलंच होतं. इथलं वाचून पुन्हा भरलं. ताई, तुमचे उपकार आहेत.